ताजें आणि शिळें

मार्केट यार्डांत मेथीची जुडी आम्ही उलटीसुलटी करून पाहतों. ताजें तेंच चांगलें, हा गृहस्थाचा सिद्धांत. गेल्या महिन्यांत आमच्या वहिनींच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्ताच्या पिशवीवर पंचवीस दिवसांपूर्वींची तारीख दिसली. "हें शिळें नको, ताजें आणवा," असा आग्रह आम्हीं धरिला. त्या वादांत अर्धा तास गेला. वहिनींचा रक्तस्राव मात्र आमच्यासाठीं थांबला नव्हता.

पुढें चौकशी केली, तेव्हां आमचें अज्ञान कळलें. तांबड्या पेशी पोषक द्रवांत २ ते ६ अंश सेल्सिअसमध्यें ४२ दिवसांपर्यंत ठेवितां येतात. त्या अवधींत त्या बदलतात, हें खरेंच. त्यांतील शक्तिद्रव्य घटतें, पोटॅशियम बाहेर झिरपतें, खोलगट चकतीसारखी पेशी कांटेरी होत होत गोल बनते. प्राणवायु सोडण्यास साह्य करणारें डीपीजी नांवाचें द्रव्य दोनएक आठवड्यांत बहुतेक संपतें. परंतु रुग्णाच्या शरीरांत तें कांहीं दिवसांत पुन्हां भरून येतें. सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, कॅनडा व युरोप येथील प्रयोगांत सुमारें २४०० अत्यवस्थ रुग्णांपैकीं कांहींना सरासरी ६ दिवसांचें, तर कांहींना २२ दिवसांचें रक्त दिलें. नव्वद दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणांत लक्षणीय अंतर आढळलें नाहीं.

वहिनी आतां घरीं आहेत. कोणा अपरिचितानें पंचवीस दिवस आधीं रक्त दिलें, म्हणून तें वेळेवर मिळालें. आमच्या एवढ्या मोठ्या कुटुंबांतून तें कोणींच कधीं दिलें नव्हतें. शिळेपणा खरोखर तेथें होता.