नोंद नाही, म्हणून तरतूद नाही

व्यापारी कुटुंबात हिशेबाची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. येणे किती, देणे किती, बुडीत किती, याची नोंद वेळच्या वेळी होते. मात्र त्याच घरातील कर्ता मुलगा महिनोन्‌महिने झोपत नाही, दुकानाच्या गादीवर बसण्याचे टाळतो, माणसांत येईनासा होतो, तेव्हा त्याची नोंद कुठेच होत नाही. पाहुण्यांना ‘जरा थकवा आहे’ असे सांगितले जाते. उपचार होतात, पण परगावी, खासगी दवाखान्यात, रोखीने. पावती फाडून टाकली जाते. धाकट्या बहिणीची सोयरीक जुळायची आहे, एवढे कारण त्यासाठी पुरते.

ही गुप्तता त्या घरापुरती राहत नाही. बँकेत बुडीत कर्ज मान्य केल्याशिवाय त्यासाठी तरतूद होत नाही. ते लपवले, तर ताळेबंद दिसायला चांगला आणि आतून पोकळ राहतो. मानसिक आजाराचे तसेच आहे. ज्या दुखण्याची मागणीच पुढे येत नाही, त्यासाठी निधीचा आग्रह धरणारेही उरत नाहीत.

आकडे हेच सांगतात. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे दहा टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले. निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. तरीही २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ८९ हजार कोटींपैकी मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेली रक्कम सुमारे ९१९ कोटी, म्हणजे जेमतेम एक टक्का होती. त्यातील ७२१ कोटी एकट्या ‘निम्हान्स’साठी आणि ६४ कोटी तेजपूरच्या संस्थेसाठी होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वेगळा येतो. पण तिथेही अन्य अनेक गरजांच्या रांगेत उभे राहावे लागते.

समाजाच्या दानातून रुग्णालये, नेत्रशिबिरे, डायलिसिस केंद्रे उभी राहिली आहेत, आणि ती परंपरा मोठी आहे. परंतु मानसिक आजाराचा खर्च वेगळ्या जातीचा असतो. इथे महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती माणसे आणि दरमहा न चुकता मिळणारी औषधे, तीही कित्येकदा अनेक वर्षे. दानातून इमारत होते. समुपदेशकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. हा आवर्ती खर्च आहे, आणि त्याचा भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलायला हवा.

कायदा या बाजूने उभा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळणे हा त्यानुसार प्रत्येकाचा हक्क आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य केंद्रातील उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजाराला विमासंरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. सोयरिकीची धास्ती बाळगणाऱ्यांनी तो आवर्जून लक्षात ठेवावा.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क आहेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

कर भरणाऱ्या कुटुंबांनी या सेवा म्हणजे कोणाचे उपकार समजू नयेत. रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर पावत्या जपून विम्याचा दावा करावा. तो नाकारल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपालाकडे दाद मागावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी असेल, तर व्यापारी संघटनेने आमदारांना लेखी विचारणा करावी. पूर्वी जकात, विक्रीकर यांसाठी आणि आता बाजारातील पार्किंगसाठी निवेदने देणाऱ्या संघटनांना हे अवघड नाही. आपल्याही घरात हा आजार असू शकतो, एवढे मान्य करणे तेवढे अवघड आहे.