म्हणे मूळव्याध!

आपल्याकडे शौचातून रक्त पडलं की निदान डॉक्टर करत नाहीत, घरचे करतात. आणि ते ठरलेलं असतं : मूळव्याध! मग तिखट बंद, ताक सुरू, सुरणाची भाजी, रात्री इसबगोल. शिवाय कुणीतरी भिंतीवरच्या जाहिरातीतला 'बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज'वाला पत्ता आणून देतो. वर्ष असंच निघून जातं. मूळव्याध असेलही हो, पुष्कळांना तीच असते. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असंच रक्त दाखवतो, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असा काही नियम नाही.

तीच गोष्ट हिमोग्लोबिनची. सत्तरीच्या काकांचं नऊवर आलं की बीट, खजूर, लोखंडी कढई... अहो, पण रक्त गेलं कुठे? पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या बाईच्या अंगातलं लोह कमी झालं तर आतड्यातून रक्त झिरपत नाही ना, हे आधी पाहायचं असतं.

ही झाली लक्षणं दिसल्यावरची कथा. माझं भांडण त्याच्या आधीचं आहे. हा कॅन्सर बहुधा आतड्याच्या आतल्या एका लहानशा कोंबातून, पॉलिपमधून सुरू होतो, आणि त्याला कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं! एवढी मुदत दुसरा कुठला आजार देतो? कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. कॅन्सर आतड्यापुरता असताना सापडला तर दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडला तर दहापैकी जेमतेम एक-दोन. (हे आकडे अमेरिकेतले आहेत.)

जपानने १९९२ मध्ये चाळिशीपुढच्यांची तपासणी सुरू केली, इंग्लंडने २००६ मध्ये. तिथे आता ५० ते ७४ वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी घरी टपालाने एक डबी येते. काडीने शौचाचा नमुना घ्यायचा, डबीत बंद करायचा, परत पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. ही फिट चाचणी. रक्त सापडलं म्हणजे कॅन्सरच असं नव्हे, पण मग कोलोनोस्कोपी करायची. न सापडलं म्हणजे कायमची सुटका नव्हे, म्हणून तर दर दोन वर्षांनी.

आपल्या सरकारच्या तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, हा नाही. आपल्याकडे याचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा कमी आहे, त्यामुळे सरकारशी माझा वाद नाही. वाद आहे तो वाढदिवसाला हजारो रुपयांचं 'फुल बॉडी चेकअप' करून घेणाऱ्या आपल्यासारख्यांशी. व्हिटॅमिन डी, थायरॉइड, एवढंच काय, 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीईए सुद्धा! (सीईए ही धडधाकट माणसात कॅन्सर हुडकण्याची चाचणी नव्हेच.) फिटचं नाव काढलं की मात्र "शी! जेवताना काय बोलता?"

आयुर्वेदाचा अभिमान सांगणाऱ्यांनी तरी नाक मुरडू नये. अष्टविध परीक्षेत नाडी आणि मूत्रानंतर मलच येतो. आणि कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि मैला या विषयात उभी हयात घातली, त्यांना लाज वाटली नाही. आपल्याला एका काडीची वाटते!

ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनीसुद्धा पन्नाशीला (अमेरिकेत २०२१ पासून ४५ सांगतात) डॉक्टरांना स्वतःहून फिटबद्दल विचारावं. ज्यांच्या आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला, त्यांनी डबीवर भागवू नये. चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपीचं विचारावं. आमच्या नात्यात असे तिघे आहेत आणि ते हा ब्लॉग वाचतात. बाळांनो, पत्रिका जुळवताना गोत्र, गण, नाडी सगळं तोंडपाठ सांगता. आजोबा कशाने गेले विचारलं तर म्हणता, "पोटाच्या दुखण्याने." कुठल्या दुखण्याने, आणि कितव्या वर्षी, ते या रविवारी आत्याला फोन करून विचारा. तिला सगळं आठवतं.