मण्यावरचा थर

ज्या ओझरात १९६४ पासून एच.ए.एल.चा विमानकारखाना सूक्ष्म मापांची उपासना करीत आला आहे, तेथल्याच एका बागेतील द्राक्षघडाचे वीस कोटी पिक्सेलांचे छायाचित्र या आठवड्यात मोबाइलवर मोठे करून पाहिले, तेव्हा मण्यावरच्या पांढुरक्या थराऐवजी नुसता मेणचट डाग दिसला, आणि मन खट्टू झाले. एफ १.७ चे निर्दोष भिंगसुद्धा प्रकाशाच्या स्वभावामुळे बिंदूचा सुमारे २.३ मायक्रॉनांचा ठिपका करते; त्याखाली ०.६ मायक्रॉनांचे पिक्सेल मांडणे म्हणजे एकाच जबानीच्या दहाबारा नकला दप्तरी दाखल करणे होय. वाचकहो, पैसा भिंगावरच खर्चावा. माझे जुने ५० मिलिमीटरचे भिंग, एफ ५.६ वर आणि तिकाटण्यावर, त्याच मण्यावरचा बोटाचा ठसासुद्धा स्पष्ट दाखविते.