फळ्यावरचं गणित : रॉयल सोसायटीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि फेलो,
रॉयल सोसायटी, लंडन



हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या घरांविषयी ते आहे तिथे मराठी बोलतात. तिथल्या आईवडिलांनीही ते वाचावं, अशी इच्छा आहे.

मी लेस्टरमध्ये विज्ञान शिकवते. आमच्या मुलांना लोलकाच्या प्रयोगात मार्गदर्शन करायला एक शास्त्रज्ञ येत असत. भला माणूस, वेळेचा पक्का. गटात सांगलीकडची एक मुलगी होती. ते बोलू लागले की ती मान खाली घालून ऐकायची, काही विचारलं तर "हो सर" एवढंच. तिच्या नावापुढे शेरा पडला, ‘पुढाकार घेत नाही.’ पुढे तिची वही चाळताना समासात पेन्सिलीने लिहून खोडलेला मजकूर दिसला. लोलकाची लांबी मोजताना सरांकडून गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली होती, आणि ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "मग बोलली का नाहीस?" म्हटलं, तर म्हणाली, "ते मोठे आहेत ना. उलट कसं बोलायचं?"

कोणाच्याही शब्दावर विसंबू नका, असं आपलं ब्रीद आहे. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, असं या मुलीला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तिचं गप्प राहणं म्हणजे आदर होता. मार्गदर्शकाला तो मंदपणा वाटला.

पण आमच्या घरांत प्रश्नांना जागाच नसते, असं कृपा करून समजू नका. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर बनारसला वाढले. त्यांच्या घरी राहायला आलेले मोरूमामा हुजूरबाजार फळ्यावर जयंतासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत पुसलं जात नसे. आव्हान द्यायला मामा स्वतः पुढे आला, म्हणून भाच्याची भीड आपोआप गेली. आमच्याकडे परवानगी मोठ्यांनी द्यायची असते, तीही तोंडाने किंवा खडूने. मनातल्या मनात दिलेली पोचत नाही.

पुढे केंब्रिजमध्ये नारळीकरांना मार्गदर्शक म्हणून फ्रेड हॉयल भेटले. फेब्रुवारी १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ-निरीक्षणांच्या आधारे हॉयल यांच्या स्थिर-स्थिती विश्वाच्या सिद्धान्ताला आव्हान दिलं. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या ज्या सभेत त्यावर चर्चा होणार होती, त्या दिवशी हॉयल यांचं व्याख्यान दुसरीकडे ठरलेलं होतं. उत्तर द्यायला त्यांनी २२ वर्षांच्या नारळीकरांना उभं केलं. मला ही गोष्ट मोरूमामांच्या फळ्याचीच पुढची पायरी वाटते.

बंद दारं दोन्हीकडे होती, हेही नोंदवते. १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारणारे सी. व्ही. रामन आपलेच फेलो होते. कमलाबाई हटल्या नाहीत, अटी पत्करून त्यांनी प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला, आपले माजी अध्यक्ष फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात काम करून १९३९ साली त्या पीएचडी झाल्या. आणि त्याच केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवीचा हक्क दिला तो १९४८ साली! त्यामुळे एक संस्कृती मोकळी आणि दुसरी दबलेली, अशी सोपी वाटणी मला मान्य नाही.

आपल्या पार्टनरशिप ग्रँट्स योजनेतून ब्रिटनमधल्या शाळांना शास्त्रज्ञांसोबत प्रकल्प करायला ३,००० पौंडांपर्यंत मदत मिळते. या योजनेतल्या मार्गदर्शकांना एवढं सांगावं. पहिल्याच दिवशी मुलांना म्हणा, "माझी चूक सापडली तर मला हवी आहे," आणि ती शोधायला वेळ द्या. शंका दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून आली तरी ती तितकीच मोलाची माना. एकदा पालकांनाही शाळेत बोलवा. "सरांना विचार हं, भिऊ नकोस," हे आईने म्हटलं की मुलगी विचारते. मी ते पाहिलं आहे. आणि पुढाकाराचा शेरा लिहिण्याआधी वही उघडून बघा, समासासकट.

येत्या सप्टेंबरपासून आमच्या प्रयोगशाळेतला एक फळा मी रिकामा ठेवणार आहे. त्यावर एखादं न सुटलेलं गणित लिहायला आपल्यापैकी कोणी येणार असेल, तर जरूर कळवावे.

आपली,
एक विज्ञानशिक्षिका, लेस्टर