किल्ला इंग्रजांचा, म्हणून आपला नाही?

शुक्रवारी रात्री दादरहून राजगडाला निघणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या मंडळींना मी एकदा शिवडीचा किल्ला सुचवला. उत्तर आलं, "तो इंग्रजांचा रे, आपला काय संबंध?" हीच मंडळी जपानला गेली की हिमेजीचा किल्ला आणि त्याखालची नगरी पायांचे तुकडे पडेस्तोवर हिंडतात. तो बहुधा आपला असावा!

संबंध कसा नाही? जपानी किल्लेनगरीत सरदार मधोमध, सामुराई जवळ, व्यापारी-कारागीर लांब, अशी मांडणी असे. मुंबईतही तटाच्या आत कोट आणि पलीकडे बाहेरकोट. 1803 मध्ये कोटात भीषण आग लागली आणि त्यानंतर हिंदी वस्ती तटाबाहेर सरकवण्याला जोर आला. तोफांचा मारा अडू नये म्हणून तटापुढची जमीन मोकळी ठेवली होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे तिचेच तुकडे. आपल्याला क्रिकेट खेळता यावं म्हणून कुणी ती राखलेली नाहीत. गिरगाव कोटापासून इतकं अंतर राखून का आहे, याचं उत्तरही तिथेच आहे. ज्या भिंतीने आपल्याला बाहेर ठेवलं, ती आपल्या इतिहासातली नाही म्हणायचं?

जपानी लोक जात्याच वारसाप्रेमी, हेही पुरे झालं. 1860च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना मुंबईचा तट पाडला गेला. 1873 मध्ये जपानी सरकारनेही कित्येक किल्ले मोडीत काढले. जे उरलं ते त्यांनी नंतर सांभाळलं. आपल्याकडे चर्चगेटचा दरवाजा गेला, नाव तेवढं लोकलच्या इंडिकेटरवर राहिलं.

आणि परळ-लालबागकरांनी तरी शिवडीला परकं म्हणू नये. 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान इथेच उतरला. त्याने माझगाव, माहीम घेतलं आणि इंग्रजांना कोटात कोंडलं. शेवटी कंपनीला औरंगजेबाची माफी मागून, दंड भरून सुटका करून घ्यावी लागली. इंग्रजांची अशी फजिती सांगणारी जागा घरापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे, आणि दिवाळीत चाळीच्या अंगणात मुलं मातीचे रायगड-प्रतापगड करतात, शिवडी कुणी करत नाही.

हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो बघायला झुंबड उडते. सगळ्यांचे कॅमेरे खाडीकडे आणि पाठ किल्ल्याकडे.