कानाचे माप

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण स्वभावाला जितकी लागू पडते, तितकीच ती शरीरालाही लागू पडते. दोन माणसांचे कान सारखे नसतात. एकाच माणसाच्या उजव्या व डाव्या कानांतही अनेकदा फरक असतो. कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची वाट सरळ नसून वळणदार असते. या वाटेत बसवायचे साधन सर्वांसाठी एकाच घडणीचे असावे, की प्रत्येकाच्या मापाने घडवावे? हा प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटतो. वस्तुतः तो आरोग्याचा आणि काही अंशी न्यायाचाही प्रश्न आहे.

रायपूरच्या जयस्तंभ चौकाजवळ रवी भवन ही मोबाईलची गजबजलेली बाजारपेठ आहे. अशा बाजारात मिळणारे इअरफोन तयार मापाचे असतात. कानात जाणाऱ्या टोकावर लहान, मध्यम किंवा मोठे सिलिकॉनचे टोपण बसवावे, की झाले. याच शहरातील पंडरीच्या कापडबाजारातून कापड आणून शिंप्याकडे माप देण्याची रीत बहुतेक घरांनी अनुभवली आहे. तयार सदरा स्वस्त व तात्काळ मिळतो. शिवलेला सदरा अंगाला बसतो. कानाच्या बाबतीतही असेच दोन मार्ग आहेत.

मापाचा इअरफोन घडवताना श्रवणतज्ज्ञ प्रथम कानाची तपासणी करतो. पडद्याला इजा होऊ नये म्हणून तो आत कापसाचा किंवा स्पंजचा लहान बोळा ठेवतो आणि मग मऊ सिलिकॉन भरतो. काही मिनिटांत ते घट्ट होते व कानाचा हुबेहूब ठसा हाती येतो. त्यावरून इअरफोनचे कवच तयार होते. अमेरिकेत १९९५ च्या सुमारास जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हॅलेन या वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी असे इअरफोन घडवले. रंगमंचावरील गोंगाटात वादकाला आपले संगीत स्पष्ट ऐकू यावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे कलावंतांची ही गरज हौशी श्रोत्यांच्या आवडीचा विषय झाली.

मापाच्या साधनाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ते हलत नाही, पडत नाही, दीर्घकाळ वापरले तरी सहसा टोचत नाही आणि बाहेरचा आवाज चांगला रोखते. परंतु त्याची किंमत अधिक असते, ते दुसऱ्याच्या कामी येत नाही आणि ठसा सदोष निघाला तर सारा खर्च वाया जातो. शिवाय कान पूर्ण बंद झाल्याने स्वतःचेच बोलणे व चावणे घुमल्यासारखे ऐकू येते. रस्त्यावर तर मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगाही कानी पडत नाही. उलट, तयार इअरफोनचे टोपण योग्य आकाराचे निवडले, तर सामान्य श्रोत्याचे काम उत्तम भागते. अनेकजण मात्र पेटीतील उरलेली टोपणे न वापरताच टाकून देतात. दोन्ही कानांना वेगवेगळ्या आकाराची टोपणे लागू शकतात, हेही त्यांच्या ध्यानी येत नाही.

टोपण सैल असले की खर्जाचे स्वर बाहेर निसटतात आणि भोवतालचा गोंगाट आत शिरतो. मग ऐकणारा आवाज वाढवत जातो. खरा धोका येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. तोच आवाज ९० डेसिबल झाला, तर ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. उरला व सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांत दिवसभर यंत्रांची घरघर सोसणाऱ्या कामगाराने परतीच्या प्रवासात मोठ्या आवाजात गाणी ऐकली, तर थकलेल्या कानांना विसावा कधी मिळणार? अशा वेळी महागडे साधनही कानांचे रक्षण करू शकत नाही. साधन मापाचे असो वा तयार, आवाजाला माप हवेच.

मात्र ज्याच्यासाठी कानाचा साचा ही चैन नसून गरज आहे, असा एक वर्ग आहे. तीव्र श्रवणदोष असलेल्या मुलाला शक्तिशाली श्रवणयंत्र लागते. यंत्राचा साचा कानात नीट बसला नाही, तर बाहेर निसटलेला आवाज पुन्हा यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. त्रासलेले मूल ते काढून टाकते व यंत्र कपाटात पडून राहते. मुलाचा कान वाढत असल्याने साचाही वेळोवेळी बदलावा लागतो. भाषा शिकण्याच्या वयात वाया गेलेले महिने पुढे सहज भरून निघत नाहीत. म्हणूनच कोणी श्रवणयंत्र वाटत असेल, तर त्याने कानाचा साचा आणि त्याची पुढील बदली हा त्या मदतीचाच भाग मानला पाहिजे. नुसते यंत्र हाती देणे म्हणजे पायाचे माप न घेता जोडे देण्यासारखे आहे.

आज ज्याला ऐपत आहे तो गाण्यासाठी कानाचे माप देतो आणि ज्याला शब्द ऐकायचे आहेत त्याला अनेकदा मिळेल त्यावर भागवावे लागते. हा क्रम बदलला पाहिजे. हौस असेल त्याने मापाचा इअरफोन जरूर घ्यावा. इतरांनी तयार साधन नीट पारखून, बेताच्या आवाजात वापरावे. पण माप घेण्याचा पहिला मान त्या मुलाच्या कानाचा आहे, जो अजून आईची हाक ऐकण्याची वाट पाहत आहे.