भिंत कोणाची?

२०१८ साली रेल्वे मंत्रालयाने देशभरातील स्थानकांच्या सुशोभनाची स्पर्धा घेतली. तीत पहिले पारितोषिक बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्थानकांना मिळून देण्यात आले. ताडोबाचे वाघ, वनराई आणि आदिवासी जीवन यांच्या चित्रांनी त्यांच्या भिंती नटविण्यात आल्या होत्या. चित्रकलेच्या नावानेच जगभर ओळखले जाणारे मधुबनी या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर राहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते. ज्या चित्रकारांच्या हातून हे काम झाले, त्यांचे कौतुक व्हावयासच हवे.

तथापि, कौतुक करून झाल्यावर एक साधा प्रश्न उरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनिशी चौथ्या क्रमांकावर होते. कोळशाच्या खाणी, वीज केंद्राची धुराडी आणि सिमेंटचे कारखाने हा या जिल्ह्याच्या रोजच्या दृश्याचा भाग आहे. सरपण, तेंदूपाने किंवा मोहफुले गोळा करण्यास जंगलात गेलेली माणसे दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात, हाही त्याच दृश्याचा भाग आहे. प्रवाशांच्या स्वागतासाठी रंगविलेल्या भिंतीवर वाघ येतो. त्या वाघाच्या वाटेवर सरपणाची मोळी घेऊन उभी असलेली बाई येत नाही. यात चित्रकाराचा दोष नाही, आणि रेल्वेचाही नाही. ज्याची भिंत, त्याचे चित्र, हा सरळ व्यवहार आहे. म्हणूनच चित्र कसे आहे याच्याआधी भिंत कोणाची आहे, हे विचारले पाहिजे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, म्हणजे १९८२ पर्यंत जो एकच विशाल चांदा जिल्हा होता त्यात, कलावंतांची वाण नाही. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची मंदिरे घडविणाऱ्या शिल्पींपासून ही परंपरा चालत आली आहे. माडियांच्या घोटुलाचे कोरीव खांब, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडाचे व दगडाचे स्तंभ, बुरुडांचे बांबूकाम हे सारे या वनभूमीचे दृश्य वाङ्मयच होय. आजच्या पिढीकडे पाहावे तर जिल्हा परिषदेच्या शाळेतला चित्रकला शिक्षक आहे, नाटकाचे पडदे रंगविणारा पेंटर आहे, फ्लेक्सच्या फलकांनी ज्याचा पाट्या रंगविण्याचा धंदा बुडाला तो कारागीर आहे, नागपूर-मुंबईहून कलेची पदविका घेऊन गावी परतलेला तरुण आहे. यांतील अनेकांना मागणीबरहुकूम कामापलीकडे स्वतःचे काही करावयाचे असते. ते केल्यावर टांगावयाचे कोठे, हा त्यांचा प्रश्न आहे.

वन विभागाची कमान, पर्यटकांचे निवासस्थान, कारखान्याचे स्वागतकक्ष, हस्तकलेचे शासकीय विक्रीकेंद्र अशा भिंती त्यांना मिळू शकतात. परंतु त्या प्रत्येकीची मागणी आधीच ठरलेली असते. उरली मुंबई. तेथील जहांगीर कलादालन १९५२ पासून कलावंतांची सेवा करीत आले आहे. पण तेथील पाळीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि पाळी आल्यावर जागेचे भाडे, चित्रांची वाहतूक व राहण्याचा खर्च शिक्षकाच्या किंवा शेतमजुराच्या मुलाला पेलत नाही. १९४७ साली मुंबईत ज्या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापला, त्यांतील रझा आणि गाडे हे नागपूरच्या कलाशाळेतून आलेले होते. रझांचे बालपण तर मंडल्याच्या जंगलात, वनखात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या घरी गेले. जंगलाने चित्रकार द्यावा आणि त्याचे चित्र जंगलाने कधी पाहू नये, हा क्रम पाऊणशे वर्षांनंतरही फारसा बदललेला नाही.

आदिवासी कलावंताची अडचण याहून खोल आहे. त्याच्याकडून नव्याची अपेक्षाच केली जात नाही. त्याने परंपरेचा नमुना पुन्हापुन्हा उठवावा, नाव न घालता विकावा, अशी बाजाराची इच्छा असते. वारली चित्रांचे उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे. जिव्या सोमा मशे यांनी लग्नचौकाच्या भिंतीवरील कला कागदावर आणून तिला स्वतःची रेषा दिली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच आकृत्या कपबशांवर व चादरींवर छापून विकल्या जातात, तेव्हा वारली पाड्याकडे त्यातले किती वळते? गोंड परधान समाजातील जनगढसिंह श्याम यांची कथा अधिक दारुण आहे. पाटनगढच्या या तरुणाला ऐंशीच्या दशकाच्या आरंभी जगदीश स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांचे काम लागले. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात कराराने काम करीत असताना या जगद्विख्यात कलावंताने आत्महत्या केली. त्यानंतर त्यांच्या मानधनाविषयी आणि कामाच्या अटींविषयी देशातील कलावंतांनी प्रश्न विचारले. कीर्ती मिळाली म्हणजे आपल्या श्रमावर आपली सत्ता आली असे होत नाही, हा त्या मृत्यूचा धडा आहे.

या स्थितीवर उपाय नवा नाही. १८७३ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये मोने, पिसारो, रन्वार, देगा आदी कलावंतांनी स्वतःची संस्था काढली. शासकीय प्रदर्शनाचे परीक्षक त्यांच्या नव्या चित्रांना वारंवार दार बंद करीत होते. पिसारो यांनी संस्थेच्या घटनेसाठी बेकरी कामगारांच्या संघटनेच्या नियमांचा नमुना पुढे ठेवला होता, ही गोष्ट समाजवादी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. १८७४ च्या एप्रिलमध्ये एका छायाचित्रकाराच्या रिकाम्या जागेत त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. टीका झाली, विक्री बेताची झाली, आणि वर्षअखेर हिशेब केला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या अंगावर १८४.५० फ्रँक देणे निघाले. संस्था विसर्जित करावी लागली. परंतु एकत्र येण्याची सवय मोडली नाही. १८८६ पर्यंत त्या गटाची आठ प्रदर्शने झाली आणि चित्रकलेचा इतिहास बदलला. आपल्याकडे १९६६ साली मद्रासजवळ के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने चोळमंडळ हे कलाग्राम उभे राहिले. तेथील कलावंतांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या विक्रीतून पैसा उभा केला, जमीन घेतली, घरे बांधली आणि कलादालन चालविले. अनुदानाची वाट पाहत ते बसले नाहीत.

पॅरिस आणि मद्रास दूर आहेत असे कोणी म्हणेल, तर त्याने धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा येथे जावे. या गोंड गावाच्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष तिच्या हाती आला. तोवर १९२७ च्या वन कायद्याचा आधार घेऊन वनखाते बांबूला वृक्ष मानीत होते आणि कागद कारखान्याला तो भाडेपट्ट्याने जात होता, तर गावच्या बुरुडाला टोपलीपुरत्या बांबूसाठी हात जोडावे लागत. आज या दोन जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा आपला बांबू व तेंदूपाने स्वतः विकतात. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. जे गाव जंगलाचा कारभार चालवू शकते, त्या गावच्या मुलांना चार भिंतींच्या एका दालनाचा कारभार जमणार नाही, असे मानण्यास काय आधार आहे? कच्च्या मालावर हक्क मिळाला. त्या मालापासून घडलेली वस्तू मांडण्याच्या व विकण्याच्या जागेवर हक्क मिळविणे, ही त्याच लढ्याची पुढची पायरी आहे.

पोटाची भ्रांत असलेल्या जिल्ह्यात कलादालन ही चैन आहे, असा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल. त्याला उत्तर झाडीपट्टी रंगभूमीने केव्हाच दिले आहे. धानाची कापणी आटोपली की होळीपर्यंत या मुलुखात रात्र-रात्र नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे नाटक कंपन्यांचे केंद्र. गावचे मंडळ कंपनीशी करार करते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि नफा-तोट्याची जोखीम घेते. प्रामुख्याने तिकिटाच्या पैशावर उभी असलेली ही रंगभूमी आहे. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देऊन देशाने तिची दखल घेतली. या कंपन्या निर्मात्यांच्या मालकीच्या असतात, त्यामुळे तो सहकाराचा नमुना नव्हे. पण धान विकून आलेल्या पैशातून तिकीट काढणारा शेतकरी कलेला चैन समजत नाही, एवढे त्यावरून निःसंशय सिद्ध होते. जो माणूस रंगविलेल्या पडद्यासमोर रात्र काढतो, तो चित्रासमोर पाच मिनिटे उभा राहणार नाही काय?

दुसरा आक्षेप दर्जाचा. सर्व सभासदांना पाळी दिली तर सुमार चित्रेही लागतील. लागतील, हे मान्यच केले पाहिजे. पण वाईट चित्र भिंतीवर लागल्याने फारसे नुकसान होत नाही. लोक पाहतात आणि पुढे जातात. चांगले नवे चित्र भिंतीवाचून घरात पडून राहिले, तर त्याची भरपाई होत नाही. शिवाय आपले काम शेजाऱ्याच्या कामाशेजारी टांगलेले पाहणे, ही कोणत्याही परीक्षक मंडळाहून कठोर परीक्षा असते.

तिसरा प्रश्न पैशाचा आहे आणि त्याचे उत्तर अंकगणिताने देता येते. उदाहरणादाखल चाळीस सभासद घ्यावेत. प्रत्येकाने दरमहा २०० रुपये दिले तर वर्षाचे ९६,००० रुपये होतात. तालुक्याच्या गावी साध्या दालनाचे भाडे, वीज व किरकोळ खर्च यांसाठी हा पाया पुरेसा धरता येईल. दोघा सभासदांचे मिळून पंधरा दिवसांचे एक, अशी वर्षाला चोवीस प्रदर्शने भरली तर प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा पाळी मिळते आणि सभासद नसलेल्या नवख्यांसाठी चार पंधरवडे उरतात. देखरेखीला पगारी नोकर नको. ज्याचे प्रदर्शन त्याने बसावे. शहरातील व्यापारी दालने विक्रीच्या किमतीतून तिसरा हिस्सा, कधी निम्माही, ठेवून घेतात. येथे दहावा हिस्सा संस्थेला दिला तरी चालेल.

खरा धोका वेगळा आहे, आणि तोही या जंगलाने पाहिलेला आहे. १९४७ साली बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ठाणे जिल्ह्यात जंगल कामगार सहकारी संस्थांचा प्रयोग सुरू केला. लाकूडतोडीच्या कंत्राटदाराला दूर सारून कूप आदिवासी मजुरांच्या संस्थेला द्यावा, हा हेतू थोर होता. पुढे तो प्रयोग चांद्याच्या जंगलापर्यंत आला. परंतु अनेक ठिकाणी मजूर कागदावरचा सभासद राहिला आणि जुना कंत्राटदार मागच्या दाराने संस्थेत शिरला. संस्थेचे नाव बदलले, मजुरी तीच राहिली. कलादालनाच्या बाबतीतही हे होऊ शकते. चार बोलक्या, शहरी सभासदांनी पाळ्या वाटून घ्याव्यात आणि बुरूड, माडिया किंवा बाई सभासद वर्गणीपुरती उरावी, हे घडावयास वेळ लागत नाही.

म्हणून नियम पहिल्या दिवशीच ठरले पाहिजेत. एका सभासदाला एक मत असावे. पाळी चिठ्ठी टाकून ठरावी. पदाधिकारी दरवर्षी बदलावेत. महिन्याचा हिशेब दालनाच्या दारावर लावावा. प्रत्येक कृतीखाली करणाऱ्याचे नाव आणि किंमत असावी, मग ते तैलचित्र असो की बांबूची परडी. बाईने केलेल्या कामाखाली तिच्या नवऱ्याचे नाव लागू नये. शासनाने, नगरपरिषदेने वा जिल्हा खनिज प्रतिष्ठानने रिकामी इमारत नाममात्र भाड्याने दिली तर ती अवश्य घ्यावी. तो लोकांचाच पैसा आहे. मात्र व्यवस्थापनात त्यांचा प्रतिनिधी नको, आणि खाण कंपनीच्या दानाचा फलक तर दारावर मुळीच नको. ज्या दालनाच्या दारावर सुरजागडच्या लोहखनिजाचा पैसा नाव कोरून बसेल, त्याच्या आत एटापल्लीच्या डोंगराचे आजचे चित्र लागणे कठीण आहे.

समाजवादी चळवळीला हा विषय परका नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी एके काळी गाणी आणि नाट्य घेऊन खेडी जागविली. पण तेव्हाही कलावंत चळवळीचा निरोप पोचविणारा होता. आता चळवळीने कलावंताच्या मागे उभे राहावयाचे आहे, आणि त्याचे चित्र आपल्या घोषणेशी जुळते की नाही हे न विचारता उभे राहावयाचे आहे. ज्याला पक्षाची भिंत पक्षापुरतीच वापरावयाची आहे, तो स्थानकाच्या भिंतीला नावे ठेवू शकत नाही.

चंद्रपूर, वडसा, गडचिरोली, अहेरी येथील कार्यकर्त्यांनी कामाची सुरुवात लहान करावी. प्रथम आपल्या तालुक्यातील कलावंतांची यादी करावी. तीत बुरूड, पडदे रंगविणारे आणि लाकूड कोरणारे यांची नावे चित्रकला शिक्षकांच्या बरोबरीने घालावीत. मग त्यांची एक बैठक बोलवावी आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेऊ नये. वाचनालयाची एखादी खोली किंवा संघटनेच्या कचेरीचा पुढचा भाग सहा महिन्यांसाठी मोकळा करून द्यावा. तेथे जे लागेल ते पाहावयास गावकऱ्यांना घेऊन यावे, आणि जमल्यास एखादी कृती विकतही घ्यावी. पुढचे ती माणसे स्वतः ठरवितील. ज्या दिवशी चांद्याच्या मातीतला चित्रकार आपल्या मालकीच्या भिंतीवर आपल्या गावाचे, धुळीसकट आणि वाघासकट, नवे चित्र लावील, त्या दिवशी स्थानकावरच्या चित्रांकडेही अधिक निर्मळ मनाने पाहता येईल.